सिरीयल लिंकला स्वतंत्र आयपी न देता राउटर जोडणे: उसन्या पत्त्याचं कॉन्फिगरेशन

दोन दूरच्या राउटरांना थेट जोडणाऱ्या सिरीयल तारेला दोनच टोकं असतात. एका टोकातून आत गेलेलं पॅकेट दुसऱ्या टोकालाच बाहेर पडणार, त्याला तिसरीकडे जायला वाट नाही. इथरनेटवर पुढच्या राउटरचा मॅक पत्ता (हार्डवेअरचा पत्ता) हुडकावा लागतो, त्यासाठी एआरपी (आयपीवरून मॅक शोधण्याची पद्धत) लागतं आणि एआरपीसाठी शेजाऱ्याचा आयपी लागतो. सिरीयलवर यातलं काहीच घडत नाही. त्यामुळे पॅकेट पलीकडे ढकलण्यापुरतं पाहिलं तर या तारेला आयपी पत्त्याची गरज नाही.

गरज पडते ती वेगळ्याच कारणाने. राउटर स्वतः जी पॅकेटं तयार करतो, म्हणजे राउटिंग अपडेट, पिंग, टेलनेट (दूरचं लॉगिन), सिसलॉग (नोंदी पाठवणं), त्यांच्यावर 'पाठवणारा' म्हणून काहीतरी पत्ता लिहावा लागतो. शिवाय इंटरफेसवर (राउटरच्या जोडणीच्या टोकावर) आयपीच नसेल तर राउटर त्यावर आयपी प्रक्रिया सुरूच करत नाही. यावर तोडगा असा, की सिरीयल इंटरफेसने त्याच राउटरच्या दुसऱ्या इंटरफेसचा पत्ता उसना घ्यायचा. सिस्कोच्या आयओएसमध्ये (राउटरच्या सॉफ्टवेअरमध्ये) ही कमांड म्हणजे 'आयपी अननंबर्ड'. ही कल्पना एका कंपनीची नाही. राउटरांच्या अपेक्षित वर्तनाचा दस्तऐवज असलेल्या आरएफसी १८१२ मध्ये (१९९५) अशा विनापत्ता लिंकांची चर्चा आहे.

हिशोब सरळ आहे. एका लिंकला /३० सबनेट (तिरप्या रेघेनंतरचा आकडा म्हणजे मास्क, तो पत्त्यांच्या गटाचा आकार सांगतो) दिलं तर ४ पत्ते जातात आणि कामाचे २ उरतात. २५६ पत्त्यांच्या एका ब्लॉकमधून अशा ६४ लिंक निघतात. रिप या जुन्या राउटिंग प्रोटोकॉलच्या आवृत्ती १ च्या काळात हे दुखणं फार मोठं होतं. एका मोठ्या नेटवर्कमध्ये सगळीकडे एकच मास्क चालायचा, म्हणून लॅनला (कार्यालयातल्या जाळ्याला) /२४ असेल तर दोन टोकांच्या तारेलाही अख्खं /२४ द्यावं लागे. आज आतल्या जाळ्यात १०.०.०.० चा प्रचंड साठा असताना पत्ते वाचवणं हे एकमेव कारण राहिलेलं नाही. पन्नास शाखांच्या पन्नास सबनेटांची वही सांभाळावी लागत नाही आणि राउटिंग टेबलमधल्या तेवढ्या ओळी कमी होतात, हा फायदा जास्त जाणवतो.

पत्ता कोणाचा उसना घ्यायचा

इथे बरेच जण चुकतात. लॅनच्या इथरनेट पोर्टला आयपी आधीच दिलेला असतो, म्हणून हात त्याच्याकडेच जातो. पण ज्याच्याकडून पत्ता घेतला तो इंटरफेस आडवा झाला, की सिरीयलवरचं आयपीही बंद पडतं. शाखेतल्या स्विचचा पॉवर अ‍ॅडॉप्टर जळाला तर वॅन लिंकही (मुख्यालयाशी जोडणारी तार) गेली असं समजा. तार शाबूत आणि मोडेमचे दिवे हिरवे असूनही मुख्यालयातून राउटरवर लॉगिन करता येत नाही. नेमकी गरज असते तेव्हाच हा प्रसंग येतो.

म्हणून पत्ता लूपबॅकचाच घ्यावा. लूपबॅक हा राउटरच्या आतला आभासी इंटरफेस आहे. त्याला ना केबल ना पोर्ट, त्यामुळे आपण हाताने बंद केल्याशिवाय तो पडत नाही. त्याला /३२ मास्क द्या, म्हणजे एका राउटरमागे एकच पत्ता खर्ची पडतो, मग त्यावर सिरीयल लिंक एक असो वा आठ. देणाऱ्या इंटरफेसकडे स्वतःचा पत्ता असला पाहिजे. जो स्वतःच उसनवारीवर आहे, त्याच्याकडून उसनं घेता येत नाही.

आधी तार बोलती करा

पत्त्याकडे वळण्याआधी पहिला आणि दुसरा थर (तार आणि तिच्यावरचा लाइन प्रोटोकॉल) उभा राहिलाय ना, हे बघा. लीज्ड लाइनवर क्लॉक (बिटांचा ठेका) मोडेमकडून येतो आणि दोन्ही राउटर डीटीई (क्लॉक घेणारे) असतात. लॅबमध्ये दोन राउटर पाठीला पाठ लावून जोडताना एका बाजूला डीसीई (क्लॉक देणारी) केबल लागते आणि क्लॉक त्याच बाजूने द्यावा लागतो. कुठलं टोक डीसीई आहे हे केबलवरच्या पुसट लेबलवरून ठरवू नका. 'शो कंट्रोलर्स सिरीयल ०/०/०' मारा, सुरुवातीच्या ओळींतच 'डीसीई व्ही.३५' किंवा 'डीटीई व्ही.३५' असं दिसेल.

खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. राउटरवर त्या अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या. उदाहरणात दोन राउटर आहेत. मुख्यालयाचा लूपबॅक १०.२५५.०.१ आणि लॅन १९२.१६८.१०.०/२४. शाखेचा लूपबॅक १०.२५५.०.२ आणि लॅन १९२.१६८.२०.०/२४.

मुख्यालयावर:

इंटरफेस लूपबॅक ०
आयपी अ‍ॅड्रेस १०.२५५.०.१ २५५.२५५.२५५.२५५
एक्झिट
इंटरफेस सिरीयल ०/०/०
एन्कॅप्सुलेशन पीपीपी
बँडविड्थ २०४८
आयपी अननंबर्ड लूपबॅक ०
नो शटडाउन

लॅबमध्ये हेच टोक डीसीई असेल तर इंटरफेसखाली 'क्लॉक रेट ६४०००' जोडा. शाखेवर हेच सगळं, फक्त लूपबॅकला १०.२५५.०.२ आणि क्लॉक रेटशिवाय.

'बँडविड्थ' ही कमांड लाइनचा वेग बदलत नाही, राउटिंग प्रोटोकॉलला तो किती धरायचा एवढंच सांगते. सिरीयल इंटरफेस न सांगता १५४४ केबीपीएस धरतो, कारण अमेरिकेतली टी१ लाइन तेवढी असते. आपल्याकडच्या ई१ साठी २०४८ लिहा आणि ६४ केबीपीएसच्या लाइनला ६४. हे राहिलं तर ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलला ६४ केबीपीएसची कंगाल लाइनही टी१ एवढी दणकट वाटते आणि सगळा ट्रॅफिक तिकडे वळतो.

एन्कॅप्सुलेशन (तारेवर पॅकेट गुंडाळण्याची पद्धत) दोन्ही टोकांना एकच हवं. सिस्कोच्या सिरीयलवर मुळात एचडीएलसी असतं, पण ते सिस्कोचं स्वतःचं आहे. पलीकडे दुसऱ्या कंपनीचा राउटर असेल तर पीपीपी ठेवणंच सुरक्षित. एक बाजू एचडीएलसी आणि दुसरी पीपीपी राहिली तर इंटरफेस 'अप' आणि लाइन प्रोटोकॉल 'डाउन' दिसतो. क्लॉक येत नसेल तरीही असंच दिसू शकतं. दोन्ही 'डाउन' असतील तर दोष केबलमध्ये किंवा मोडेमकडे शोधा, कॉन्फिगरेशन उकरत बसू नका.

तपासणी

'शो आयपी इंटरफेस सिरीयल ०/०/०' मध्ये हा इंटरफेस अननंबर्ड असून लूपबॅक ० चा पत्ता वापरतोय, असं स्पष्ट वाक्य येतं. 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ' मध्ये मात्र सिरीयल आणि लूपबॅक दोघांसमोर १०.२५५.०.१ दिसेल. एकच पत्ता दोनदा दिसला म्हणून दचकू नका. त्या यादीच्या 'मेथड' रकान्यात अननंबर्ड इंटरफेसपुढे 'टीएफटीपी' असंही छापून येतं. त्याचा टीएफटीपी सर्व्हरशी काही संबंध नाही, ती आयओएसची जुनी खोड आहे.

आता मुख्यालयावरून १०.२५५.०.२ ला पिंग मारा. पीपीपी असेल तर पिंग लागेल आणि एचडीएलसी असेल तर लागणार नाही. या फरकाने कित्येकांचा दिवस खाल्लाय. पीपीपीमध्ये लिंक उभी राहताना आयपीसीपी नावाची वाटाघाट होते. दोन्ही टोकं एकमेकांना आपले पत्ते सांगतात आणि राउटर पलीकडच्या पत्त्याचा /३२ रूट आपणहून टेबलमध्ये टाकतो. एचडीएलसीत अशी ओळखपरेड नाही. एरवी /३० सबनेट असतं तेव्हा 'जोडलेलं नेटवर्क' म्हणून पलीकडचा पत्ता आपोआप ठाऊक असतो. इथे ते सबनेटच नाही, म्हणून रूट मिळेपर्यंत पलीकडचा लूपबॅक परकाच. लिंक अप-अप असून पिंग न लागणं हा इथे बिघाड नाही, पुढची पायरी राहिली आहे एवढंच.

स्टॅटिक रूट: पत्त्याऐवजी इंटरफेस

नेहमीच्या सवयीने नेक्स्ट हॉपचा (पुढच्या राउटरचा) आयपी लिहायला जाल तर तो आणणार कुठून? इथे बाहेर पडण्याचा इंटरफेस लिहायचा. मुख्यालयावर:

आयपी रूट १०.२५५.०.२ २५५.२५५.२५५.२५५ सिरीयल ०/०/०
आयपी रूट १९२.१६८.२०.० २५५.२५५.२५५.० सिरीयल ०/०/०

शाखेवर एकच लिंक असेल तर डिफॉल्ट रूट पुरतो:

आयपी रूट ०.०.०.० ०.०.०.० सिरीयल ०/०/०

टेबलमध्ये हा रूट 'डायरेक्टली कनेक्टेड' म्हणून छापला जातो, त्यामुळे त्याचं अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (रूटच्या विश्वासाचा आकडा, जितका कमी तितकं प्राधान्य जास्त) ० आहे असा समज पसरलाय. ते १ च असतं, इतर कुठल्याही स्टॅटिक रूटसारखं. लाइन प्रोटोकॉल पडला की हा रूट टेबलमधून आपोआप निघून जातो, त्यामुळे बॅकअप लिंकसाठी शेवटी २०० हे डिस्टन्स लिहून दुसरा रूट तयार ठेवता येतो.

मात्र ही सवय इथरनेटवर नेऊ नका. तिथे नुसता इंटरफेस लिहिलेला डिफॉल्ट रूट राउटरला प्रत्येक गंतव्यासाठी एआरपी करायला लावतो. पलीकडे प्रॉक्सी एआरपी (दुसऱ्याच्या वतीने उत्तर देणं) बंद असेल तर काहीच चालत नाही आणि चालू असेल तर एआरपी टेबल फुगत जातं. इंटरफेस-रूट निर्धास्त चालतो तो दोन टोकांच्या तारेवरच.

डायनॅमिक राउटिंग

ओएसपीएफ अननंबर्ड लिंकवर उत्तम चालतो, पण एक अट आहे: दोन्ही टोकं सारखी हवीत. दोन्ही अननंबर्ड किंवा दोन्हींना पत्ते. एकीकडे पत्ता आणि दुसरीकडे उसनवारी असं झालं तर शेजार 'फुल' दिसतो, डेटाबेसमध्ये सगळे एलएसए (राउटरांनी पाठवलेल्या लिंकांच्या नोंदी) असतात, तरी राउटिंग टेबल कोरं. 'शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस राउटर' मध्ये तो राउटर 'रीचेबल नाही' अशी नोंद दिसते. कारण राउटर एलएसएमध्ये दडलंय. पत्ता असलेल्या लिंकच्या 'लिंक डेटा' रकान्यात इंटरफेसचा आयपी जातो आणि अननंबर्ड लिंकच्या रकान्यात इंटरफेसचा क्रमांक, म्हणजे ०.०.०.८ असं काहीतरी. आलेख जुळवताना एका टोकाला आयपी आणि दुसऱ्याला क्रमांक सापडला की दुवा जुळत नाही.

इंटरफेसवरच ओएसपीएफ सुरू करणं सगळ्यात स्वच्छ:

राउटर ओएसपीएफ १
राउटर-आयडी १०.२५५.०.१
पॅसिव्ह-इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/०
एक्झिट
इंटरफेस सिरीयल ०/०/०
आयपी ओएसपीएफ १ एरिया ०

लूपबॅक आणि लॅन इंटरफेसवरही शेवटची ओळ मारा. 'नेटवर्क' कमांडनेही काम होतं, पण ती पत्ता पाहून इंटरफेस निवडते आणि इथे लूपबॅक व सगळ्या सिरीयलांचा पत्ता एकच आहे. उद्या एक सिरीयल एरिया ० मध्ये आणि दुसरी एरिया १ मध्ये टाकायची म्हटली तर 'नेटवर्क' कमांडला त्यांच्यात फरकच करता येणार नाही.

सगळं जुळलं की शाखेचं लॅन मुख्यालयाच्या टेबलमध्ये १०.२५५.०.२ मार्गे, सिरीयल ०/०/० वरून आलेलं दिसेल. संदर्भ बँडविड्थ मूळचीच, म्हणजे १०० एमबीपीएस असेल तर २०४८ च्या लिंकची कॉस्ट (संदर्भ बँडविड्थ भागिले लिंकची बँडविड्थ) ४८ धरली जाते आणि ६४ च्या लिंकची १५६२. 'बँडविड्थ' ची ओळ विसरलात तर दोन्ही ६४ दाखवतील, त्यावरून चूक लगेच पकडता येते.

ईआयजीआरपी या दुसऱ्या राउटिंग प्रोटोकॉलचंही तसंच. दोन्ही बाजू अननंबर्ड असतील तर तक्रार नाही. एकच बाजू बदललीत तर 'शेजारी समान सबनेटवर नाही' असा संदेश लॉगमध्ये येत राहतो. रिप आवृत्ती २ मध्ये एरवी अपडेट पाठवणाऱ्याचा पत्ता आपल्याच सबनेटमधला आहे का, हे तपासलं जातं. अननंबर्ड इंटरफेसवर आयओएस ही तपासणी करत नाही, त्यामुळे वेगळी कमांड लागत नाही. 'नो ऑटो-समरी' मात्र लिहा, नाहीतर १०.२५५.०.१ आणि १०.२५५.०.२ चे बारीक रूट १०.०.०.० मध्ये गुंडाळले जाऊ शकतात. रिप आवृत्ती १ अशा लिंकवर टाळाच.

बीजीपी (मोठ्या जाळ्यांमधला राउटिंग प्रोटोकॉल) असेल तर शेजारी म्हणून पलीकडचा लूपबॅक लिहा, 'अपडेट-सोर्स लूपबॅक ०' द्या, आणि दोन वेगळ्या एएसमधलं (स्वायत्त जाळ्यांमधलं) नातं असेल तर 'ईबीजीपी-मल्टिहॉप २' जोडा. लूपबॅकपर्यंत जाणारा /३२ रूट आधी टेबलमध्ये हवा, नाहीतर सत्र उभंच राहणार नाही.

चालू लिंक बदलताना

लॅबमध्ये सगळं सोपं असतं. खरी परीक्षा आहे ती दूरच्या, एकाच लिंकवर लटकलेल्या शाखेची लिंक /३० वरून अननंबर्डवर नेण्यात. समजा, मुख्यालयाचं टोक १०.०.०.१ आणि शाखेचं १०.०.०.२ आहे. टेलनेटने शाखेत शिरून थेट 'आयपी अननंबर्ड' मारलंत तर ज्या पत्त्याशी तुम्ही बोलत होता तो तिथल्या तिथे नाहीसा होतो आणि गाडी काढून शाखेत जावं लागतं.

आधी दोन्ही राउटरांवर लूपबॅक तयार करा. मग दोन्हीकडे एकमेकांच्या लूपबॅकचे आणि लॅनचे रूट सिरीयल इंटरफेसमार्गे लिहा. हे काम जुने पत्ते असतानाही बिनदिक्कत करता येतं. सर्वात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे शाखेचा जुना डिफॉल्ट रूट. तो १०.०.०.१ कडे बोट दाखवत असतो आणि सबनेट गेलं की तोही जातो. इंटरफेस लिहिलेला नवा डिफॉल्ट रूट टाका, तो टेबलमध्ये दिसतोय याची खात्री करा आणि मगच जुना काढा.

आता शाखेत शिरायचं ते लूपबॅकवर. पण मुख्यालयाच्या राउटरवरून टेलनेट करताना तुमचा स्वतःचा पत्ता कोणता जातोय, हेही बघावं लागतं. काही न सांगितल्यास तो बाहेर पडणाऱ्या इंटरफेसचा, म्हणजे १०.०.०.१ जातो. म्हणून मुख्यालयावर आधी 'आयपी टेलनेट सोर्स-इंटरफेस लूपबॅक ०' द्या, एसएसएच असेल तर 'आयपी एसएसएच सोर्स-इंटरफेस लूपबॅक ०'. शाखेत शिरल्यावर 'शो यूजर्स' मध्ये १०.२५५.०.१ दिसला की पुढे जा. मुख्यालयाच्या लॅनवरच्या संगणकावरून थेट शिरत असाल तर ही अडचण नाही, कारण परतीचा १९२.१६८.१०.० चा रूट आपण टाकलेला आहे.

इथवरचं कॉन्फिगरेशन सेव्ह करा आणि शाखेवर 'रीलोड इन १५' मारा. संपर्क तुटलाच तर १५ मिनिटांनी राउटर स्वतः रीबूट होऊन जुन्या पत्त्यासह परत येईल. म्हणूनच यापुढे खात्री होईपर्यंत सेव्ह करायचं नाही. शाखेच्या सिरीयलवर 'आयपी अननंबर्ड लूपबॅक ०' मारा. सत्र टिकलं पाहिजे. लगेच मुख्यालयाच्या टोकाला तीच कमांड. दोन्हींच्या मधल्या त्या थोड्या वेळात ओएसपीएफ गोंधळलेला असेल, पण स्टॅटिक रूटांनी वाहतूक चालू राहील. सगळं तपासून 'रीलोड कॅन्सल' करा आणि दोन्हीकडे सेव्ह. 'रीलोड कॅन्सल' विसरलात तर लिंक नीट चालू असताना भर कामाच्या वेळी राउटर रीबूट होईल, आणि मग दोष नव्या पद्धतीवर ढकलला जाईल.

ओएसपीएफ चालवणार असाल तर हे तात्पुरते स्टॅटिक रूट काढून टाका किंवा त्यांच्यामागे २०० डिस्टन्स लावा. तसेच सोडले तर १ च्या डिस्टन्समुळे तेच टेबलमध्ये बसून राहतील आणि ११० चा ओएसपीएफ कधी दिसणारच नाही. अ‍ॅक्सेस लिस्टही (कोणत्या पॅकेटला परवानगी ते ठरवणारी यादी) चाळा. १०.०.०.० च्या त्या /३० ला परवानगी देणारी जुनी ओळ असेल, तर आता लूपबॅकवरून येणारी पॅकेटं तिथे अडतील.

काय गमावता

अननंबर्ड सिरीयलला पिंग मारून 'ही तार जिवंत आहे का' असं विचारता येत नाही. उत्तर लूपबॅक देतो आणि ते दुसऱ्या वाटेनेही आलेलं असू शकतं. ट्रेसराउटमध्येही लूपबॅकच दिसतो, त्यामुळे दोन समांतर लिंकांपैकी पॅकेट कुठून गेलं हे त्यावरून कळत नाही. देखरेख एसएनएमपीवर (उपकरणांची स्थिती विचारण्याच्या प्रोटोकॉलवर) हलवा, प्रत्येक इंटरफेसची स्थिती त्याच्या क्रमांकाने विचारा. रीबूटनंतर हे क्रमांक बदलू शकतात, म्हणून 'एसएनएमपी-सर्व्हर आयएफइंडेक्स परसिस्ट' ही ओळ टाकून ठेवा, नाहीतर सिरीयल ०/०/० चा आलेख उद्या भलत्याच पोर्टचा निघेल.

प्रत्येक लिंक पिंगने तपासणारी देखरेख यंत्रणा बदलणं शक्य नसेल तर अननंबर्डचा हट्ट धरू नका. आरएफसी ३०२१ (२०००) प्रमाणे /३१ मास्क द्या. त्यात दोनच पत्ते असतात आणि दोन्ही वापरता येतात, म्हणजे /३० च्या निम्म्यात काम होतं आणि प्रत्येक टोकाला स्वतःचा पत्ता राहतो. पाच-दहा लिंकांच्या जाळ्यात बहुतेकदा हेच शहाणपणाचं. शाखांची संख्या शंभराच्या घरात असेल आणि प्रत्येक शाखेत एकच लिंक असेल, तिथे अननंबर्डची खरी मजा: नवी शाखा उघडताना लूपबॅक आणि लॅन एवढे दोनच आकडे बदलायचे, बाकी कॉन्फिगरेशन शब्दशः तेच.

इतर कंपन्यांच्या राउटरांवर नाव थोडं बदलतं. ह्वावेवर 'आयपी अ‍ॅड्रेस अननंबर्ड इंटरफेस लूपबॅक ०', तर जुनिपरवर इंटरफेसच्या 'फॅमिली इनेट' खाली 'अननंबर्ड-अ‍ॅड्रेस एलओ०.०'. एका टोकाला सिस्को आणि दुसऱ्याला यांपैकी कोणी असेल तर पीपीपी ठेवा, आणि सिस्कोच्या बाजूला आपोआप येणारा शेजाऱ्याचा /३२ रूट नको असेल तर त्या सिरीयलवर 'नो पीअर नेबर-रूट' द्या.